वॉशिंग मशीनला कपाट करताय? आधी हवेला वाट ठेवा

संभाजीनगर, लातूर, नांदेडकडं नवीन फ्लॅट बघायला गेलं की वॉशिंग मशीन बाहेर दिसतच नाही, लोकं तिला सरळ कपाटात बसवायलेत, खाली मशीन, वर ड्रायर आणि पुढं सनमायकाचं चकाचक दार. छान दिसतं, धूळ बसत नाही, आवाज पण कमी येतो, सगळं मान्य. पण हे कपाट साड्यांच्या कपाटासारखं गच्च बंद केलं तर सुतार कितीही चांगला असू द्या, ते टिकत नाही, कारण कपड्यातलं पाणी कुठंतरी जाणारच.

हिशोब करून बघा. पाच किलो कोरडे कपडे धुऊन मिनिटाला 1200 फेऱ्यांच्या स्पिनवर पिळले तरी त्यात साधारण अडीच लिटर पाणी उरतं. ड्रायरला हे सगळं पाणी वाफ करून काढायचं असतं आणि एक लिटर पाण्याची वाफ करायला अंदाजे 2400 किलोज्यूल उष्णता लागते, म्हणजे अडीच लिटरला दीड युनिटच्या वर वीज नुसती वाफ करण्यात जाते. आता कपाट बघा, 70 सेंटीमीटर रुंद, 75 खोल आणि सात फूट उंच. दोन्ही मशीनची जागा वजा केली की आत जेमतेम अर्धा घनमीटर हवा उरते. 30 अंशाला एक घनमीटर हवा फार तर 30 ग्रॅम वाफ धरू शकते, म्हणजे तुमच्या कपाटातली हवा 15 ग्रॅम धरेल, एक मोठा चमचा. एकीकडं चमचाभर जागा आणि दुसरीकडं अडीच लिटर पाणी, मग उरलेलं जाणार कुठं? प्लायमधे, बिजागरीवर, मागच्या भिंतीवर.

सगळे ड्रायर सारखे नसतात हे पण बघायला पायजे. व्हेंटेड ड्रायर दमट हवा पाइपातून बाहेर फेकतो, तो पाइप घराबाहेरच काढायचा, कपाटात किंवा फॉल्स सीलिंगमधे सोडून दिला की झालं वाटोळं. कंडेन्सरवाला वाफेचं परत पाणी करून टाकीत जमवतो पण त्याची उष्णता आसपासच राहते आणि मे महिन्यात बाहेर 42 असताना बंद कपाटात ती उष्णता साठणं मशीनच्या इलेक्ट्रॉनिक कार्डालाही चांगलं नाही. हीट पंपवाला तीच उष्णता आतल्या आत फिरवून वापरतो, वीज बरीच कमी खातो, कपाटासाठी माझ्या मते तोच बरा, महाग आहे पण बरा. अर्थात आपल्याकडं एप्रिलमधे गच्चीवर तासाभरात धुणं वाळतं, ड्रायर खरा लागतो तो श्रावण-भादव्यात आणि गॅलरी नसलेल्या फ्लॅटला.

अमेरिकेत घराघरात ड्रायर असतो, तिथल्या बांधकाम नियमात कपाटातल्या व्हेंटेड ड्रायरसाठी किमान 100 चौरस इंच हवेची वाट ठेवावी लागते. आपण दाराला खाली एक आणि वर एक अशी फूटभर लांब, साडेचार इंच उंच जाळी बसवली तरी तेवढं होतं, फक्त जाळीतल्या तिरक्या पट्ट्या जागा खातात म्हणून थोडी मोठीच ठेवा. खाली-वर दोन्हीकडं का, तर गरम हवा हलकी होऊन वर जाते आणि पाण्याच्या वाफेचा रेणू हवेतल्या नायट्रोजन-ऑक्सिजनपेक्षा हलका असल्यानं दमट हवा आणखीच हलकी होते, ती वरून निघाली की खालून कोरडी आपोआप ओढली जाते. आपल्या माळवदाच्या घरात वरचं सवणं, म्हणजे छतातला झरोका, हेच काम करायचं. आणि ड्रायरची कपड्यांच्या धाग्याची जाळी दर वेळी साफ करा, तो भुसा लवकर पेट घेतो, ड्रायरच्या आगीचं ते मोठं कारण आहे.

दुसरी गोष्ट हादऱ्याची. 1200 फेऱ्यांना ड्रम सेकंदाला 20 वेळा फिरतो, कडेच्या कपड्यावर गुरुत्वाकर्षणाच्या जवळपास चारशे पट जोर येतो, म्हणजे अर्धा किलोचा ओला टॉवेल एका बाजूला गोळा झाला की ड्रमला दोन क्विंटलच्या आसपास ओढ बसते आणि ती दिशा बदलत राहते. म्हणूनच फ्रंटलोडच्या पोटात वजनदार ठोकळे असतात, बऱ्याचदा काँक्रीटचे. मशीन थेट फर्शीवर ठेवा, प्लायच्या तळावर नको, ती फळी सोबत घुमायला लागते. दोन्ही बाजूंना इंचभर मोकळं ठेवा आणि मागचे ट्रान्सपोर्ट बोल्ट, म्हणजे वाहतुकीत ड्रम हलू नये म्हणून लावलेले, काढलेत का ते आधी बघा.

प्लाय घेताना आयएस 710 चा, म्हणजे पाण्याला टिकणाऱ्या मरीन प्लायचा, शिक्का बघून घ्या. एका ओळखीच्यांकडं खालच्या पट्टीला पार्टिकल बोर्ड लावला होता, सनमायका सुटून वर आलेला आणि नखानं दाबलं तरी भुसा निघत होता. प्लायच्या कापलेल्या कडा पाणी सगळ्यात जास्त पितात, सनमायका लावायच्या आधी त्या सील करून घ्या.

आणि सुताराला कपाटाची खोली आधीच सांगा, तो सवयीनं दोन फुटाचं कपाट करतो, मशीनच दोन फुटाची असते आणि मागं पाइपाला चार इंच लागतात, त्यामुळं अडीच फूट धरा. नळ मशीनच्या मागं न घेता बाजूच्या कप्प्यात घ्या, बोअरच्या जड पाण्यानं पाइपाच्या नळाकडच्या टोकाची जाळी क्षारानं भरते, ती काढून धुवायला दर वेळी साठ-सत्तर किलोची मशीन ओढावी लागणार नाही.