खासगी पायलट परवाना: ठाणे-नवी मुंबईकरांसाठी पात्रता, कागदपत्रे आणि अर्जाचा क्रम

पायलट आजारी पडला आणि प्रवाशाने विमान उतरवले, अशी बातमी आली की विमान शिकायचे म्हणजे नेमके काय करायचे, अशी विचारणा हमखास सुरू होते. १० मे २०२२ रोजी फ्लोरिडात तसे खरोखर घडले. बहामाहून निघालेल्या एक इंजिनाच्या सेस्ना कॅरॅव्हनचा पायलट वाटेत अत्यवस्थ झाला. उड्डाणाचा काडीचाही अनुभव नसलेल्या प्रवाशाने कंट्रोल हाती घेतले आणि जमिनीवरच्या कंट्रोलरने रेडिओवरून एकेक गोष्ट सांगत पाम बीच विमानतळावर विमान उतरवून घेतले.

आपण नागपूर-दिल्लीला जातो त्या विमानांचे गणित वेगळे असते. तिथे दोन पायलट असतात. एकाला काही झाले तर दुसरा ताबा घेतो आणि आणीबाणी जाहीर करतो. केबिन क्रू आजारी पायलटला सीटवर मागे ओढून पट्ट्यांनी जखडतात, म्हणजे त्याचा भार कंट्रोलवर पडत नाही. मग प्रवाशांत डॉक्टर कोणी आहे का, अशी घोषणा होते. कॉकपिटचे दार प्रवाशासाठी उघडायचे की नाही, हे त्या विमानाच्या पायलटनेच ठरवायचे. मार्च २०२३ मध्ये लास वेगासहून कोलंबसला निघालेल्या साउथवेस्ट या अमेरिकी कंपनीच्या विमानात ते उघडले गेले. कॅप्टनची तब्येत बिघडली होती आणि प्रवाशांत दुसऱ्या कंपनीचा पायलट होता. त्याने आत जाऊन रेडिओ सांभाळला, विमान उडवले ते त्याच विमानाच्या दुसऱ्या पायलटने.

तेव्हा खासगी परवाना काढून आपण एअरबस उतरवू, हा विचार डोक्यातून काढून टाका. छोटे विमान स्वतः उडवायचे असेल तर मात्र रस्ता सरळ आहे.

पात्रता

विद्यार्थी पायलट परवान्यासाठी वय किमान १६, खासगी परवान्यासाठी १७ आणि शिक्षण दहावी पास. बारावीला भौतिकशास्त्र-गणित लागते ते व्यावसायिक परवान्याला. दोन्हींची गल्लत करून कित्येक जण उगाच मागे फिरतात. खासगी परवान्यावर मित्राला, घरच्यांना घेऊन उडता येते. उडवण्याचे पैसे घेता येत नाहीत.

आधी मेडिकल, मग फी

कोणत्याही संस्थेत पैसे भरण्यापूर्वी क्लास टू मेडिकल, म्हणजे खासगी परवान्यासाठी लागणारी वैद्यकीय तपासणी, करून घ्या. ही तपासणी डीजीसीएच्या (नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या) यादीतल्या डॉक्टरकडेच होते, आपल्या फॅमिली डॉक्टरचा दाखला चालत नाही. यादी डीजीसीएच्या संकेतस्थळावर मिळते. रक्त, लघवी, ईसीजी, छातीचा एक्स-रे, डोळे, कान-नाक-घसा असे सगळे पाहिले जाते. चष्मा असला म्हणून बाद करत नाहीत. रंग ओळखण्यात दोष निघाला तर मात्र अडचण येते. जुने ऑपरेशन, फिट, दमा, चालू गोळ्या यातले काही लपवू नका. हवेत एकट्या बसलेल्या माणसाला भोवळ येऊ नये, एवढ्यासाठीच तर हा खटाटोप आहे. प्रमाणपत्राला मुदत असते आणि वय वाढेल तशी ती आखूड होत जाते.

कागद

दहावीचे गुणपत्रक व प्रमाणपत्र, जन्मतारखेचा पुरावा, आधार, पत्त्याचा पुरावा, फोटो, सही, मेडिकल आणि पोलिस पडताळणी. अर्ज डीजीसीएच्या ईजीसीए या ऑनलाइन पोर्टलवर होतो, शुल्कही ऑनलाइनच.

खरी डोकेदुखी नावाची. आपल्या बोर्डाच्या प्रमाणपत्रावर आडनाव आधी, मग नाव, मग वडिलांचे नाव. आधारवर क्रम उलटा, पासपोर्टवर तिसराच प्रकार, आणि लग्नानंतर नाव बदलले असेल तर चौथा. अर्ज भरण्याआधी सगळीकडे स्पेलिंग एक करून घ्या, गरज पडल्यास राजपत्रात नावबदल प्रसिद्ध करून घ्या. मार्कशीटची बोर्डाकडून पडताळणी लागली तर ठाणे जिल्हा मुंबई विभागीय मंडळात येतो आणि त्याचे कार्यालय वाशीत आहे. सीबीएसईवाल्यांनी आपल्या मंडळाकडे जायचे.

पोलिस पडताळणीसाठी जिल्हा नव्हे, आयुक्तालय पाहा. ऐरोली, कोपरखैरणे ठाणे जिल्ह्यात असली तरी पोलिस नवी मुंबईचे. कळवा-मुंब्रा, डोंबिवली, बदलापूर ठाणे आयुक्तालयात. मीरा रोडचे आयुक्तालय निराळेच. चुकीच्या ठिकाणी अर्ज टाकला की आठवडे वाया जातात.

शिकायचे कुठे

उलव्याच्या नव्या विमानतळावरून २०२५ च्या डिसेंबरात प्रवासी विमाने सुरू झाली खरी, पण प्रशिक्षणासाठी आपल्याला घाटाच्या पलीकडेच जावे लागते: बारामती, धुळे, जळगाव नाहीतर थेट गोंदिया. ठाण्यात, वाशीत 'पायलट अकॅडमी'च्या पाट्या दिसतात. त्यातल्या बहुतेक जागी लेखी परीक्षेची तयारी करून घेतात. त्यात गैर काही नाही, मात्र तिथल्या तासांची नोंद उड्डाणाच्या लॉगबुकात होत नाही. फी भरताना डीजीसीएच्या मान्यताप्राप्त उड्डाण संस्थांच्या यादीत नाव आहे का, ते स्वतः तपासा.

परीक्षा आणि तास

हवाई नियम, दिशादर्शन, हवामान आणि विमानाची तांत्रिक माहिती या विषयांची परीक्षा होते. पास व्हायला ७० टक्के लागतात. उड्डाण किमान ४० तास, त्यातले २० एकट्याने. एकट्याच्या तासांत ५ तास लांबच्या फेरीचे, आणि एक फेरी निदान १५० सागरी मैलांची, वाटेत दोन वेगळ्या ठिकाणी उतरून. शेवटी परीक्षकासमोर प्रत्यक्ष चाचणी. लॉगबुकातली प्रत्येक नोंद त्याच दिवशी करा आणि सही घ्या. महिनाभराने सही मागायला गेलात तर प्रशिक्षक दुसऱ्या गावी बदललेला असतो.

रेडिओवर बोलण्याचा परवाना वेगळा काढावा लागतो. पूर्वी ही परीक्षा दूरसंचार विभाग घेई. भारतीय वायुयान अधिनियम २०२४ ने तो अधिकार डीजीसीएकडे आणला आहे, त्यामुळे जुन्या पुस्तकांतले अर्जाचे पत्ते वापरू नका. उमेदवार या परीक्षेला सगळ्यात जास्त घाबरतात, कारण लेखी पाठांतर इथे कामाचे नाही. तुमचा कॉल साइन (रेडिओवर विमानाला हाक मारायचे नाव), उंची, अडचण काय, हवे काय, हे ठराविक शब्दांत आणि ठराविक क्रमाने बोलावे लागते. घरी आरशासमोर मोठ्याने सराव केला तरी चालतो, शेजाऱ्यांना आधी सांगून ठेवा.