लिनक्स डेस्कटॉप : दुरुस्ती आणि वाद (ठाणे–नवी मुंबई)

घरच्या किंवा कार्यालयातल्या संगणकावर विंडोजऐवजी लिनक्स वापरणाऱ्यांनी एकमेकांच्या अडचणी सोडवण्याची, आणि सोडवता सोडवता कोणती व्यवस्था बरी यावर भांडण्याची रीत. दुरुस्ती ही तांत्रिक बाब आणि वाद हा मतांचा, असे वरवर वाटते. ठाणे-नवी मुंबईतल्या वापरकर्त्यांकडे पाहिले तर दोन्ही एकाच गोष्टीतून निघतात : समोरच्या यंत्रातून. कोणाचा प्रिंटर कोणता आणि ग्राफिक कार्ड कोणत्या पिढीचे, हे कळले की तो गडी कोणत्या बाजूने बोलणार हे बहुधा आधीच सांगता येते. तत्त्वे मागाहून येतात.

लिनस टोरवाल्ड्स यांनी लिनक्सच्या कर्नेलची (प्रणालीच्या गाभ्याची) घोषणा ऑगस्ट १९९१ मध्ये केली, त्यावर उभी राहिलेली डेबियन ही प्रणाली १९९३ मध्ये सुरू झाली आणि तिच्यावर आधारलेल्या उबुंटूची पहिली आवृत्ती ऑक्टोबर २००४ मध्ये आली. महामुंबईत लिनक्स आधी संगणक मासिकांसोबतच्या सीडींतून पोहोचले. पुढे उबुंटूच्या सीडी मागणी नोंदवली की फुकट घरपोच येत, ती सोय २०११ मध्ये बंद झाली. सी-डॅक या सरकारी संगणक-संशोधन संस्थेच्या मुंबई केंद्राचा एक परिसर खारघर स्थानकासमोर आहे. याच संस्थेने डेबियनवर आधारलेली ‘बॉस’ ही भारतीय भाषांची प्रणाली काढली, मात्र तिचे काम मुख्यतः चेन्नईचे. पवईच्या आयआयटीने केलेले स्पोकन ट्युटोरियलचे पाठ मराठीतही आहेत. अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्याची लिनक्सशी ओळख बहुधा प्रॅक्टिकलपुरती होते आणि सबमिशन संपले की डिस्कवरचे लिनक्सचे पार्टिशन पुसले जाते. ज्यांचे पुसायचे राहून जाते, ते पुढे इतरांचे संगणक दुरुस्त करताना दिसतात. सरकारी बाजूला ई-कोर्ट्स प्रकल्पाने न्यायालयांत उबुंटू आणले आणि ठाणे जिल्ह्यातली न्यायालये त्याच प्रकल्पात येतात. लिनक्सवर मराठी टंकलेखन करणाऱ्यांत त्यामुळे कोर्टातले कारकूनही आहेत, हे संगणकवाल्यांच्या लक्षात येत नाही.

या भागातले नेहमीचे यंत्र म्हणजे सेकंड-हँड लॅपटॉप. ऐरोली, महापे, घणसोली, वागळे इस्टेट इथल्या कार्यालयांतून जुनी झालेली यंत्रे बाहेर पडतात, रॅम वाढवून आणि एसएसडी बसवून पुन्हा विकली जातात. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षा-सोय आणि इंटेलचा साधारण आठव्या पिढीपासूनचा प्रोसेसर लागतो. विंडोज १० चा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. सातव्या पिढीचा धडधाकट लॅपटॉप भंगारात कोण घालणार? तिथे उबुंटू किंवा त्यावरच आधारलेले मिंट टाकले जाते, आणि आठवड्याभरात पहिला प्रश्न येतो.

बहुतेक वेळा तो वाय-फायचा. ब्रॉडकॉमच्या अनेक चिपांचे ड्रायव्हर परवान्याच्या कारणाने सोबत येत नाहीत. ते उतरवायला इंटरनेट हवे आणि इंटरनेटसाठी तेच ड्रायव्हर हवेत. यावर मोबाइल केबलने जोडून यूएसबी टेदरिंग चालू करणे हा सर्वमान्य तोडगा आहे.

ड्युअल बूट करणाऱ्यांना, म्हणजे एकाच यंत्रावर विंडोज आणि लिनक्स दोन्ही ठेवणाऱ्यांना, घड्याळ छळते. संगणकातले घड्याळ जागतिक वेळेवर चालते असे लिनक्स धरून चालते. विंडोज त्यालाच स्थानिक वेळ समजते. म्हणून लिनक्समधून विंडोजमध्ये गेल्यावर वेळ बरोबर साडेपाच तास मागे दिसते. विंडोजने ती दुरुस्त केली की लिनक्समध्ये साडेपाच तास पुढे. तारीख चुकली की ब्राउझर प्रमाणपत्रे नाकारतो, संकेतस्थळे उघडत नाहीत, आणि माणूस ‘नेट गेलं’ म्हणून राउटर बंद-चालू करत बसतो. ‘साडेपाच तास’ एवढे शब्द कानावर पडले की जाणकार पुढचे ऐकत नाही. टाइमडेटसीटीएल या वेळ नेमणाऱ्या आज्ञेची एक ओळ सांगून मोकळा होतो. विंडोजच्या फास्ट स्टार्टअपचे दुखणे याच जातीचे. त्यात विंडोज पुरते बंद होतच नाही, त्यामुळे डी ड्राइव्ह लिनक्समध्ये नुसता वाचता येतो, लिहिता येत नाही.

पावसाळ्यात तक्रारींचा रंग बदलतो. जुन्या लॅपटॉपची बॅटरी गेलेली असते, तो कायम चार्जरवर चालतो. वीज गेली की धाडकन बंद. पुन्हा चालू करताना कधी काळ्या पडद्यावर ‘इनिट्रॅमएफएस’ असा शब्द येऊन थांबतो. फाइल-प्रणाली तपासणारी एफएससीके ही आज्ञा द्यायची, होकार देत राहायचे आणि रीबूट करायचे, की बहुधा काम होते. पण शब्द इतका भीतिदायक आहे की अनेक जण त्याआधीच ‘फॉरमॅट मारून टाकतात’.

सगळ्यात जास्त वेळ मात्र प्रिंटर खातो. नौपाड्यातल्या एखाद्या सीएच्या कार्यालयात किंवा वाशीच्या झेरॉक्सच्या दुकानात पाहावे : कॅननचा एलबीपी २९०० नाहीतर एचपीचा लेझरजेट १०२०. दोन्ही दणकट, स्वस्तात चालणारे, आणि लिनक्सवर दोन्ही वेगवेगळ्या प्रकारे हट्टी. लेझरजेट १०२० मध्ये फर्मवेअर (यंत्र चालवणारे आतले सॉफ्टवेअर) कायमचे साठवलेले नसते. प्रिंटर चालू केला की दर वेळी संगणकाला ते पाठवावे लागते. हे काम करणारे प्लगइन एचपीच्या लिनक्स सॉफ्टवेअरपासून वेगळे उतरवावे लागते आणि दोघांची आवृत्ती तंतोतंत जुळावी लागते. अपडेट झाला, सॉफ्टवेअर पुढे गेले, प्लगइन मागे राहिले. प्रिंटर दिसतो, रांगेत काम जाते, कागद हलत नाही. कॅननचा प्रिंटर स्वतःच्याच कॅप्ट या पद्धतीने बोलतो आणि कंपनीच्या ड्रायव्हरला ६४ बिटच्या प्रणालीवरही ३२ बिटच्या लायब्ररी लागतात. रिटर्न भरायच्या दिवसांत या कार्यालयांत कोणी मुक्त सॉफ्टवेअरचे गुणगान करायला गेले तर चहासुद्धा मिळणार नाही. टॅली विंडोजचेच, तेही वाइन (विंडोजची सॉफ्टवेअरे लिनक्सवर चालवणारे साधन) किंवा व्हर्च्युअल मशीनमध्ये चालवावे लागते.

मराठीच्या अडचणी वेगळ्या कप्प्यातल्या. अक्षरे मोडून दिसण्याचे दिवस सरले. हार्फबझ आणि पँगो या अक्षरे जुळवणाऱ्या सॉफ्टवेअरांनी जोडाक्षरांचा प्रश्न जवळपास मिटवला. उरला तो बारीक जाच. ‘तऱ्हा’ हा शब्द इनस्क्रिप्ट कीबोर्डवर शिफ्टसह जे दाबून मिळणारा ऱ वापरून लिहिता येतो, किंवा साध्या र ला हलन्त आणि मागे न दिसणारे जोडचिन्ह लावून. पडद्यावर दोन्ही सारखेच. पण एका पद्धतीने टंकलेले दुसऱ्या पद्धतीने शोधले तर लिब्रेऑफिसला सापडत नाही, आणि ‘फाइंड बिघडलंय’ अशी तक्रार येते. ल आणि श यांची मराठी वळणे हवी असतील तर त्या वळणांचा फाँट घ्यावा लागतो, शिवाय मजकुराची भाषा मराठी निवडावी लागते. नाहीतर हिंदी वळणे उमटतात. जुन्या बिगर-युनिकोड फाँटांतल्या फाइली हा मुद्रणवाल्यांचा वारसा आहे आणि त्या आधी रूपांतरित केल्याशिवाय गत्यंतर नाही.

मदत मागण्याचे संकेत ठरलेले आहेत, पाळले जात नाहीत. पडद्याचा तिरपा फोटो येतो, त्यात नेमकी चुकीची ओळ कापलेली. ‘काका, फोटो नको, टर्मिनलमधलं सगळं कॉपी करून पाठवा’ हे तरुण जाणकाराला वडीलधाऱ्यांना सांगावे लागते. समवयस्काला तेच ‘आधी लॉग टाक, मग बोलू’ असे मिळते. जर्नलसीटीएल, डीमेसेज आणि एलएसपीसीआय या, यंत्राच्या नोंदी आणि जोडलेले भाग दाखवणाऱ्या, तीन आज्ञांवर निम्म्याहून अधिक निदान होते. काही जण मॅन पेज (आज्ञेची माहितीपुस्तिका) वाचायला सांगून गप्प होतात. नवखा त्यामुळे शिकतो असे त्यांचे म्हणणे. तो सहसा विंडोजकडे परत जातो, असा अनुभव.

वादांपैकी सिस्टमडीचा सर्वांत गाजला आणि इथे सर्वांत कमी कामाचा. लेनार्ट पॉटरिंग आणि के सीव्हर्स यांनी संगणक चालू होताना सेवा सुरू करणारी ही आरंभ-व्यवस्था २०१० मध्ये आणली. फेब्रुवारी २०१४ मध्ये डेबियनच्या तांत्रिक समितीत मते समसमान पडली आणि अध्यक्षांच्या निर्णायक मताने ती स्वीकारली गेली. विरोधकांनी देवुआन हा फाटा काढला, त्याची १.० आवृत्ती २०१७ मध्ये आली. जुने सर्व्हर सांभाळलेले लोक यावर अजून तावातावाने बोलतात. घरगुती वापरणाऱ्याला लॅपटॉप चालू झाल्याशी मतलब.

२०११ मधल्या ग्नोम ३ आणि युनिटी या नव्या डेस्कटॉपांवरच्या भांडणाचे फळ मात्र रोज दिसते. नवा पडदा न रुचलेल्यांनी मॅटे आणि सिनॅमन हे जुन्या वळणाचे डेस्कटॉप उभे केले, आणि मिंट तेच देते. सेकंड-हँड लॅपटॉपवर मिंट इतके का दिसते याचे उत्तर त्यात आहे. विंडोजवरून आलेल्याला खाली डाव्या कोपऱ्यात मेनू मिळतो आणि तो कुरकुर करत नाही. डेबियनने मालकी हक्काचे फर्मवेअर इन्स्टॉलरमध्येच देण्याचे २०२२ च्या मतदानात ठरवले, २०२३ च्या डेबियन १२ पासून ते आले. तत्त्वनिष्ठांना हा पराभव वाटला, वर सांगितलेल्या टेदरिंगवाल्यांना दिलासा.

स्नॅप म्हणजे सॉफ्टवेअर लागणाऱ्या सामग्रीसह बंदिस्त पुडक्यात देण्याची उबुंटूची पद्धत; तिचा वाद थेट टेबलावरचा. उबुंटू २१.१० पासून फायरफॉक्स मुळातच स्नॅप रूपात येतो. सुरुवातीला तो उघडायला वेळ लावी; शिवाय बंदिस्त रचनेमुळे डिजिटल सहीच्या यूएसबी टोकनची लायब्ररी त्याला वापरता येत नसे. ज्यांचे पोट टोकनवर आहे त्यांच्यासाठी तेवढे पुरे होते. मिंटने २०२० मध्येच स्नॅप आपोआप बसणे रोखले होते, त्यामुळे मिंटवाल्यांना ‘आम्ही सांगत होतो’ म्हणायला जागा झाली. फ्लॅटपॅक या तशाच दुसऱ्या पद्धतीची बाजू घेणारेही त्याच सुरात बोलतात, मग त्यांची एसएसडी १२८ जीबीची निघाली की सोबत येणाऱ्या रनटाइमच्या (सामायिक लायब्ररींच्या संचाच्या) आकाराबद्दल गप्प होतात.

पडद्यावर खिडक्या उमटवणाऱ्या वेलँड या व्यवस्थेवर सध्या सर्वाधिक तंटा आहे. १९८७ पासूनच्या एक्स११ ची जागा घेण्यासाठी ते २००८ मध्ये सुरू झाले. फेडोराने २०१६ मध्ये स्वीकारले, उबुंटूने १७.१० मध्ये घेतले, १८.०४ मध्ये मागे घेतले, २१.०४ मध्ये पुन्हा आणले. टाळेबंदीत घरून काम करताना मीटिंगमध्ये स्क्रीन शेअर केली की समोरच्याला काळा चौकोन दिसे. पाइपवायर आणि पोर्टल या मधल्या सॉफ्टवेअरांमार्गे ते पुढे सुटले. इंटेल ग्राफिक्सवाल्यांना आता यात वादासारखे काही दिसत नाही, आणि ते तसे बोलूनही दाखवतात. एनव्हिडियावाल्यांचे तसे नाही. वेलँडला सोयीची जीबीएम पद्धत त्या ड्रायव्हरमध्ये २०२१ च्या ४९५ मालिकेपासून आली. ज्यांचे कार्ड ३९० किंवा ४७० या जुन्या मालिकांवरच अडकले आहे त्यांना ती मिळालीच नाही, आणि त्या दोन्ही मालिकांचा आधारही संपला आहे. ऑक्टोबर २०२५ च्या उबुंटू २५.१० मधून ग्नोमचे एक्स११ सत्र काढून टाकले गेले. अशा कार्डांचे मालक एक्सएफसीई या एक्स११ वर चालणाऱ्या हलक्या डेस्कटॉपकडे वळतात, मुक्त नूवो ड्रायव्हरवर भागवतात, किंवा २०२९ पर्यंत आधार असलेल्या २४.०४ वरच थांबतात.