कप्तानाने जहाजासोबत बुडायचं असतं?

जहाज बुडायला लागलं की कप्तानानेही जलसमाधी घ्यावी, असा कायदा आहे म्हणे. तसं काही नाही. १९१२ साली टायटॅनिकचा कप्तान स्मिथ जहाजाबरोबर गेला आणि ही समजूत आणखी घट्ट झाली. कायद्याला कप्तानाचा जीव नको असतो, प्रवासी सुखरूप उतरवून हवे असतात. इटलीच्या कायद्यात तर त्याने सगळ्यात शेवटी उतरायचं, एवढंच आहे.

१३ जानेवारी २०१२ ला तिथल्या जिल्यो बेटापाशी ‘कोस्टा कॉन्कॉर्डिया’ ही प्रवासी बोट कलंडली. माणसं वर अडकलेली आणि कप्तान स्केत्तिनो लाइफबोटीत! तटरक्षक दलाचा अधिकारी फोनवर ओरडत होता: नाळेकडे, म्हणजे बोटीच्या पुढच्या टोकाकडे, दोरशिडी आहे, चढा, वर किती मुलं, किती बायका आहेत ते सांगा. हा काही चढला नाही. ३२ जण गेले. शिक्षा १६ वर्षांची. त्यात प्रवाशांना सोडून गेल्याबद्दल जेमतेम एक वर्ष.