ओव्हरीचा कॅन्सर नेमका सुरू कुठून होतो? आमच्या पेशंटसाठी माहिती

आमच्या लॅबमध्ये ऑपरेशननंतर ओव्हरी, ट्यूब (गर्भनलिका), गर्भाशय तपासायला येतात, आणि रिपोर्ट न्यायला आलेली घरची माणसं बहुतेक वेळा हेच विचारतात की आधीच्या सोनोग्राफीत ओव्हरी नॉर्मल होती मग हे आलं कुठून? प्रश्न रास्त आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितोय.

ओव्हरीचा कॅन्सर हा एकच आजार नाहीये. सगळ्यात जास्त आढळणारा प्रकार म्हणजे हाय ग्रेड सिरस, आणि तो बऱ्याचदा ओव्हरीत सुरूच होत नाही! तो सुरू होतो ट्यूबच्या ओव्हरीकडच्या टोकाला, जिथे झालरीसारखे धागे असतात तिथे. तिथल्या एखाद्या पेशीतला टीपी५३ हा पेशींच्या वाढीवर लगाम ठेवणारा जीन बिघडतो, मग तशाच पेशी वाढत जाऊन एक बारीकसा डाग तयार होतो, त्याला आम्ही स्टिक (STIC, म्हणजे ट्यूबच्या अस्तरातच असलेला सुरुवातीचा कॅन्सर) म्हणतो, आणि त्यातल्या काही पेशी सुटून शेजारच्या ओव्हरीवर नाहीतर पोटाच्या अस्तरावर जाऊन रुजतात. याला काही वर्षं लागू शकतात, पण डाग एवढा लहान की सोनोग्राफीत दिसतच नाही.

पूर्वी सगळा दोष ओव्हरीच्या वरच्या थराला दिला जायचा. १९७१ मध्ये फथल्ला या डॉक्टरांनी मांडलं होतं की दर महिन्याला अंडं बाहेर पडताना तो थर फाटतो, भरून येतो, आणि त्यातून बिघाड होत असावा. बाळंतपणं आणि गर्भनिरोधक गोळ्यांनी (त्या काळात अंडं बाहेर पडत नाही) धोका कमी होतो हे खरंच आहे. पण २००१ मध्ये नेदरलँड्समधल्या डॉक्टरांनी, घराण्यात हा कॅन्सर असलेल्या बायकांच्या खबरदारी म्हणून काढलेल्या ट्यूब बारकाईने बघितल्या आणि कॅन्सरच्या आधीचे बदल तिथे सापडले. म्हणूनच अशा केसमध्ये आम्ही ट्यूबचा एखादा तुकडा घेऊन थांबत नाही, ती झालर उभी चिरून पूर्ण तपासतो. वेळ लागतो, पण ते करायलाच हवं असं आम्हाला मनापासून वाटतं.

बाकीचे प्रकार वेगळे. क्लिअर सेल आणि एंडोमेट्रिऑइड बऱ्याचदा एंडोमेट्रिओसिसमधून, म्हणजे गर्भाशयाच्या आतल्या अस्तरासारखा थर बाहेर ओव्हरीवर वगैरे वाढतो त्यातून, येतात (एंडोमेट्रिओसिस असलेल्या बहुतेक बायकांना कॅन्सर होत नाही, उगाच घाबरू नका). म्युसिनस दिसला तर तो आतड्यातून, अपेंडिक्समधून किंवा जठरातून तर आला नाही ना हे आधी बघावं लागतं. तरुण मुलींमध्ये बीजपेशींपासून होणाऱ्या गाठी असतात, त्यांची ट्रीटमेंट वेगळी आणि बऱ्याच पूर्ण बऱ्या होतात.

सीए १२५ (रक्तातून तपासतात ते एक प्रथिन) वाढलं म्हणजे कॅन्सरच असं नाही, पाळीत आणि एंडोमेट्रिओसिसमध्येही ते वाढतं. आणि पॅप स्मिअर ही ओव्हरीची टेस्ट नाही, ती गर्भाशयाच्या मुखाची.

सॅम्पल देताना फॉर्मवर घरातल्या ब्रेस्ट, ओव्हरी, स्वादुपिंड, प्रोस्टेटच्या कॅन्सरबद्दल नक्की लिहा, वडिलांकडच्या नातेवाइकांचंसुद्धा, कारण बीआरसीए या जीनमधला, हे कॅन्सर होण्याचा धोका वाढवणारा बिघाड वडिलांकडूनही येतो आणि लोक नेमकं तेच सांगायचं विसरतात.