एअर इनटेक घरी बदलताना : ग्राहकांसाठी माहितीपत्रक

आमचं इनटेक किट, म्हणजे इंजिनापर्यंत हवा नेणारी नळी आणि फिल्टर, घेतलेल्यांसाठी आणि घ्यावं की नको अशा विचारात असलेल्यांसाठी हे पत्रक आहे. काम घरी करता येण्यासारखं आहे. पान्यांचा डबा आणि एक मोकळी दुपार पुरते. बोल्ट कुणीही खोलेल. नवा फिल्टर कुठली हवा ओढणार आणि सेन्सरला ती नीट मोजता येणार का, यावर सगळं ठरतं.

फरक किती पडेल?

दोन लिटरचं फोर-स्ट्रोक इंजिन 6000 आरपीएमला मिनिटाला जवळपास 6000 लिटर हवा ओढतं, म्हणजे सेकंदाला 100 लिटर. एवढी हवा अरुंद तोंडातून आणि मळक्या फिल्टरमधून खेचावी लागली की ताकद घटते, हे खरंच. पण स्पोर्ट्स कारचा मूळ एअरबॉक्स, म्हणजे फिल्टरची पेटी, बहुधा विचारपूर्वक बनवलेला असतो. टर्बो नसलेल्या आणि बाकी काही न बदललेल्या गाडीत नुसत्या इनटेकने थोडेच हॉर्सपॉवर वाढतात, तेही वरच्या आरपीएमला. रोजच्या रहदारीत ते कळणारही नाहीत. कळेल तो आवाज. मूळ नळीवरचे आवाज दाबणारे कप्पे निघून जातात आणि इंजिनाचा श्वास ऐकू येऊ लागतो. त्यासाठीच किट हवं असेल तर खुशाल घ्या, फक्त ते वेगासाठी घेतलं असं स्वतःला सांगू नका.

टर्बो गाडीत बूस्ट, म्हणजे टर्बोने दिलेला हवेचा दाब, वाढवून ट्यूनिंग केलेलं असेल, तर गोष्ट वेगळी. तिथे मूळ नळी अडथळा ठरू लागते आणि इनटेकचे पैसे वसूल होतात.

मायलेज वाढेल का? नाही. पेट्रोल इंजिनात हलक्या पायाने चालवताना हवा अडवायचं काम थ्रॉटलच करत असतो. फिल्टर मोकळा केला तर थ्रॉटल किंचित कमी उघडतो, एवढंच. आणि जुना फिल्टर काळाकुट्ट झाला असेल, तर आधी तसाच नवा बसवून बघा. कदाचित आमच्याकडे यायची गरजच पडणार नाही.

गरम हवेचं किट नको

बॉनेटखाली उघडा, शंकूच्या आकाराचा फिल्टर लावला की दिसतो झकास, पण तो ओढतो रेडिएटर आणि एक्झॉस्टने तापलेली हवा. हवा 30 अंशांवरून 60 अंश सेल्सिअसवर गेली की तिची घनता साधारण 9 टक्क्यांनी घटते. मोकळ्या नळीने जे कमावलं, त्याहून जास्त इथे जाऊ शकतं. म्हणून किटमधली उष्णतारोधक पेटी आणि तिच्या कडेची रबरी पट्टी ही शोभेची वस्तू नाही. बॉनेट बंद केल्यावर ती पट्टी सगळीकडून टेकली पाहिजे आणि पेटीचं तोंड बाहेरच्या हवेकडे उघडं राहिलं पाहिजे.

याच्या उलट, फिल्टर बंपरमध्ये अगदी खाली नेणारी किट्सही असतात. हवा गार मिळते खरी, पण साचलेल्या पाण्यातून गाडी नेली तर फिल्टर पाणी ओढतो. सिलिंडरमध्ये पाणी दाबलं जात नाही, त्यामुळे कनेक्टिंग रॉड वाकतो आणि इंजिन उघडावं लागतं. पावसात गाडी चालवणाऱ्यांना आम्ही खालचा फिल्टर सुचवत नाही.

हवा मोजणारा सेन्सर

आमच्याकडे येणाऱ्या बहुतेक तक्रारींचं मूळ इथे असतं. अनेक गाड्यांत फिल्टरनंतरच्या नळीत मास एअरफ्लो सेन्सर असतो. त्यातली तापलेली तार किंवा पट्टी समोरून जाणाऱ्या हवेने गार होते आणि त्यावरून ईसीयू, म्हणजे इंजिनाचा कॉम्प्युटर, एकूण हवेचा हिशेब करतो. हा हिशेब मूळ नळीच्या व्यासावर बेतलेला असतो. समजा सेन्सरच्या जागी मूळ नळी 70 मिलिमीटरची होती आणि तुम्ही 76 ची लावली. क्षेत्रफळ सुमारे 18 टक्क्यांनी वाढलं, तेवढीच हवा आता सावकाश जाणार आणि ईसीयूला ती सुमारे 15 टक्के कमी वाटणार. तो पेट्रोलही तेवढंच कमी टाकणार. संथ चालवताना ऑक्सिजन सेन्सरमुळे ही चूक बरीचशी भरून निघते. पण पूर्ण थ्रॉटलला अनेक गाड्यांत ती तात्काळ दुरुस्ती थांबते, आणि मिश्रण पातळ होऊन (हवेच्या मानाने पेट्रोल कमी पडून) नॉकिंग, म्हणजे सिलिंडरमध्ये इंधनाचा अवेळी भडका, सुरू व्हायला तीच सगळ्यात वाईट वेळ. म्हणून सेन्सरपाशी नळीचा आतला व्यास मूळ नळीइतकाच ठेवा, नाहीतर ईसीयू ट्यून करून घ्या. तिसरा मार्ग नाही. सेन्सरवरचा बाण हवेच्या दिशेने असावा आणि मूळ नळीत जाळी असेल तर ती फेकू नका, हवेचा प्रवाह सरळ करायचं काम ती करते.

काही गाड्यांत हा सेन्सर नसतो, मॅनिफोल्डमधल्या, म्हणजे थ्रॉटलनंतर सिलिंडरांकडे हवा वाटणाऱ्या नळ्यांमधल्या, दाबावरून हिशेब होतो. त्यांना व्यासाची एवढी चिंता नाही.

बसवताना

इंजिन पूर्ण गार होऊ द्या आणि बॅटरीची निगेटिव्ह तार काढा. खोलण्याआधी फोनवर चार-दोन फोटो काढून ठेवा; ब्रीदरची (इंजिनातली वाफ परत इनटेकमध्ये आणणारी) बारीक नळी कुठे जात होती, हे नंतर हमखास आठवत नाही. एअरबॉक्स निघाला की थ्रॉटलच्या किंवा टर्बोच्या उघड्या तोंडात स्वच्छ फडकं लावा, आणि त्याचं टोक बाहेर ठळक दिसू द्या. फडकं आत विसरून गाडी सुरू केली की काय होतं, ते इथे लिहीत नाही.

सेन्सर काढताना तारेला बोट लावू नका. साफ करायचाच असेल तर त्यासाठी मिळणारा खास स्प्रे वापरा, ब्रेक क्लीनर किंवा कार्ब्युरेटर क्लीनर नाही. सगळे जोड आधी सैलसर बसवा, नळी बॉनेट, पट्टा आणि एक्झॉस्टपासून दूर आहे ना ते पाहा, मगच क्लॅम्प आवळा. जोर देताना इंजिन थोडं हलतं, तेवढी जागा लागते. क्लॅम्प इतके आवळू नका की सिलिकॉन कापलं जाईल.

गाडी सुरू केल्यावर सेन्सरनंतरच्या जोडांपाशी कान द्या. सूं सूं आवाज आला तर न मोजलेली हवा आत शिरते आहे. ईसीयूने पी0171 (मिश्रण पातळ) हा बिघाडाचा कोड दिला तरी आधी तिथेच शोधा. पी0102 किंवा पी0113 दिसला तर बहुधा एखादा कनेक्टर लावायचा राहिला आहे. स्कॅनर असेल तर काही दिवसांनी लाँग टर्म फ्युएल ट्रिम, म्हणजे ईसीयू पेट्रोलमध्ये सतत करत असलेली भर किंवा घट, पाहा. तो सतत 10 टक्क्यांच्या वर राहत असेल तर जोर देऊन चालवू नका, आम्हाला फोन करा. फोन करताना गाडीचं मॉडेल, कोड आणि बसवलेल्या नळीचा फोटो तयार ठेवा.

नंतरची निगा

कापडी फिल्टर धुतल्यावर सावलीत पूर्ण सुकवा, कॉम्प्रेसरची हवा मारू नका. तेल जपून लावा. जास्तीचं तेल उडून सेन्सरच्या तारेवर बसतं. कोरडा फिल्टर घेतला असेल तर तेल लावायचंच नाही.

किट लावण्याआधी वॉरंटीच्या अटी आणि तुमच्याकडचे प्रदूषणाचे नियम तपासा, काही ठिकाणी असा बदल चालत नाही. जुना एअरबॉक्स स्क्रू-क्लिपांसकट एका खोक्यात भरून ठेवा. गाडी विकताना मूळ भाग मागणारे बरेच भेटतात.