मान आखडलीय की नस दबलीय?

मान महिनाभर दुखली की कुणीतरी सांगतंच, "नस दबली असणार." मग एक्स-रे निघतो, त्यावर 'स्पॉन्डिलोसिस', म्हणजे मणक्यांची झीज, येतं आणि गळ्यात पट्टा चढतो. दुखणं मात्र बहुतेक वेळा साध्या आखडलेल्या मानेचंच असतं.

मान आखडणं सगळ्यांना ठाऊक आहे. एका जागी तासन् तास बसणं, वाकडी झोप, ताण. मग मान वळवताना कळ आणि डोक्याच्या मागे ठणका.

खरा घोटाळा हाताच्या दुखण्यावरून होतो. आखडलेल्या मानेचं दुखणंही खांद्यात, पाठीच्या वरच्या भागात, कधी दंडापर्यंत उतरतं. म्हणून "दुखणं हातात आलं, म्हणजे नस" हे खरं नव्हे. ते कसं उतरतं ते बघायचं. स्नायूंचं दुखणं पसरट आणि बोथट असतं. नेमकं कुठे दुखतं विचारलं तर माणूस अख्खा तळवा खांद्यावर फिरवतो. नसेची कळ झिणझिणत एका पट्ट्यातून खाली जाते, बरेचदा कोपराच्याही पुढे, आणि ठरावीक बोटांत मुंग्या किंवा बधिरपणा आणते. मानेत मणके ७ आणि नसांच्या जोड्या ८. सहावी नस दबली तर अंगठा आणि तर्जनी, सातवी दबली तर मधलं बोट, आठवी असेल तर करंगळीची बाजू. सातवीत दंडाच्या मागचा स्नायूही दुबळा पडतो, जड दार ढकलताना ते कळतं. हात डोक्यावर ठेवला की बरं वाटत असेल, तर संशय नसेवरच. आणि अशा माणसाची तक्रार बरेचदा मानेपेक्षा हाताचीच जास्त असते, हे कुणी लक्षातच घेत नाही.

(रात्री बोटांना मुंग्या येतात, हात झटकला की जातात आणि मान ठणठणीत आहे? मग मनगट तपासा, नस तिथे दबलेली असू शकते.)

एक्स-रेवर मात्र माझा राग आहे. पन्नाशीनंतर मणक्यांची झीज बहुतेकांत दिसते, ज्यांची मान कधीच दुखली नाही त्यांच्यातही. ती पिकलेल्या केसांसारखी आहे. दिसली म्हणजे दुखण्याचं कारण सापडलं असं नाही.

आखडलेल्या मानेला हालचाल लागते. मान सगळ्या दिशांना हळूहळू फिरवणं, अधूनमधून उठणं, आणि मानेचे व खांद्याचे स्नायू बळकट करणारे व्यायाम काही आठवडे नेटाने. शेक की बर्फ, या वादात मला रस नाही; ज्याने बरं वाटेल ते घ्या. पट्टा आठवडेच्या आठवडे घातला तर स्नायू आणखी दुबळे होतात. आणि मान कडाकड मोडून घेणं मला अजिबात मान्य नाही: झटक्याने मानेतली रक्तवाहिनी फाटू शकते. क्वचित होतं, पण त्यातून पक्षाघात येऊ शकतो.

नस दबली असली तरी लगेच ऑपरेशन नसतं. बहुतेकांचं दुखणं काही आठवड्यांत ते महिन्यांत शस्त्रक्रियेविना ओसरतं. पण डॉक्टरांकडून तपासणी हवीच, आणि हाताची ताकद कमी होत असेल तर लवकर.

दोन्ही हात अडखळू लागले, शर्टाची बटणं लागेनात, चालताना तोल जाऊ लागला किंवा लघवीवरचा ताबा सुटला, तर ते या दोन्हींपैकी काहीच नसून मज्जारज्जूवरचा दाब असू शकतो. तिथे व्यायाम करून बघू म्हणत थांबू नका, त्याच दिवशी डॉक्टर गाठा.