सेल्फ घेते पण स्टार्ट होत नाही

आमच्याकडे 1991 ची कार्ब्युरेटरवाली गाडी आहे (कार्ब्युरेटर म्हणजे पेट्रोल हवेत मिसळून इंजिनाला देणारं जुन्या पद्धतीचं यंत्र), वडिलांनी घेतलेली, विकवत नाही म्हणून ठेवलीये. गेल्या डिसेंबरात नाशिकला ती सकाळी सुरूच होईना. सेल्फ मस्त घेत होती, खर्र खर्र आठ-दहा वेळा मारला की एकदाची फुरफुरत चालू व्हायची आणि मग दिवसभर गुणी बाळासारखी अर्ध्या सेल्फमध्ये स्टार्ट. मेकॅनिकने आधी प्लग बदलले, मग कॉइल, मग म्हणाला बॅटरी बसलीये. खिसा हलका झाला, गाडी होती तशीच.

आता सगळा दोष त्याला कशाला द्या, मीपण जाऊन "स्टार्ट होत नाही" एवढंच सांगितलं होतं. पण ती कधी स्टार्ट होत नाही, रात्रभर उभी राहिल्यावर, की तापलेली असताना दहा मिनिटं थांबवल्यावर, की पावसात, हे सांगितलं की अर्धं निदान तिथेच होतं, कारण हे तीन वेगवेगळे आजार आहेत.

पहिली गोष्ट म्हणजे द्रव पेट्रोल जळतच नाही, जळते ती त्याची वाफ. आणि तीही हवेत साधारण दीड ते साडेसात टक्के असेल तरच ठिणगीने पेटते, कमी झाली तरी नाही आणि जास्त झाली तरी नाही. पेट्रोल हा एकच पदार्थ नाहीये, त्यातले हलके घटक 35-40 अंशांनाच उकळायला लागतात आणि जड घटकांना 200 च्या आसपास जावं लागतं. थंडीतल्या सकाळी इंजिन गार असतं तेव्हा फक्त हलक्यांचीच वाफ होते, बाकीचं पेट्रोल मॅनिफोल्डच्या, म्हणजे इंजिनात मिश्रण नेणाऱ्या नळ्यांच्या, भिंतीला चिकटून बसतं. त्यात सेल्फवर इंजिन मिनिटाला जेमतेम दोनेकशे फेरे फिरतं, हवेचा वेग कमी, त्यामुळे कार्ब्युरेटरच्या अरुंद गळ्यात जेटमधून, म्हणजे पेट्रोलच्या बारीक छिद्रातून, पेट्रोल ओढायला लागते ती ओढच तयार होत नाही. म्हणून चोक. चोकची पट्टी हवेची वाट अडवते, खाली ओढ वाढते, पेट्रोल भरपूर येतं. गरम इंजिनाला 1 किलो पेट्रोलमागे 14.7 किलो हवा बरोबर बसते, पण गार इंजिनाला याच्या कितीतरी पट जास्त पेट्रोल पाजावं लागतं, तेव्हा कुठे पेटण्याइतकी वाफ जमते.

माझा चोक नीट बंद होत होता, ते बघितलं. मग एका सकाळी सेल्फ न मारता एअर फिल्टर काढला, टॉर्च घेऊन कार्ब्युरेटरच्या गळ्यात बघितलं आणि हाताने थ्रॉटलची (रेसची) दांडी झटकन ओढली. आत पितळी नळीतून पेट्रोलची बारीक पिचकारी उडायला हवी, रेस द्यायच्या पंपाचं कामच ते. काहीच नाही, कोरडं! आदल्या रात्री गाडी बंद केल्या केल्या हेच केलं होतं तेव्हा झकास पिचकारी उडली होती. म्हणजे रात्रीत फ्लोट चेंबर (कार्ब्युरेटरमधली पेट्रोलची छोटी टाकी) रिकामं होत होतं, आणि सकाळचे ते आठ-दहा सेल्फ टाकीतून पेट्रोल वर चढवण्यातच जात होते. (हे करताना आजूबाजूला कोणी बिडी-सिगरेट ओढत नाही ना बघा, आणि सेल्फ मारायच्या आधी फिल्टर परत बसवा, बॅकफायर झाला तर ज्वाळा वर येते.)

खात्री करायला एसी पंपाची, म्हणजे इंजिनावरच्या मेकॅनिकल पेट्रोल पंपाची, हाताने मारायची छोटी दांडी वीसेक वेळा मारली. आधी ती सैलच लागत होती, इंजिन नेमकं कॅमच्या (पंपाला ढकलणाऱ्या फिरत्या भागाच्या) उंचवट्यावर थांबलेलं असलं की असं होतं, सेल्फला जरासा टिचका देऊन इंजिन फिरवलं की दांडीला जोर येतो. चेंबर भरलं, चोक ओढला, पहिल्या सेल्फला स्टार्ट! म्हणजे प्लग, कॉइल, बॅटरी सगळे निर्दोष सुटले. पंपाचा व्हॉल्व्ह पेट्रोल धरून ठेवत नव्हता आणि चेंबरच्या खालचं पॅकिंग पाझरत होतं, दोन्ही किरकोळ कामं.

तापलेल्या गाडीचं प्रकरण उलटं असतं. घाट चढून चहाला थांबता, इंजिन बंद केलं की पंखा आणि पाणी दोन्ही थांबतं आणि इंजिनाची धग वर कार्ब्युरेटरला लागते, चेंबरमधलं पेट्रोल उकळून जेटमधून खाली ठिबकतं. गाडी ओव्हरफ्लो. इथे चोक ओढाल किंवा पॅडल पंप कराल तर अजून बुडवाल, कारण प्रत्येक दाबाला एक पिचकारी आत जाते. चोक पूर्ण आत, पॅडल तळाला टेकवून तसंच धरायचं आणि सेल्फ मारायचा, हवा आत जाऊन जास्तीची वाफ निघून जाते. प्लग काढला तर तो ओला आणि पेट्रोलचा भपकारा. याच वेळी पिचकारीच येत नसेल आणि वासही नसेल तर वाफ पंपात किंवा लाईनमध्ये अडकलीये, मग पंपावर ओला फडका टाकून तो गार करायचा.

पावसाळ्यातल्या रुसव्याला डेल्कोचं (प्रत्येक प्लगला करंट वाटणाऱ्या डब्याचं) झाकण आणि प्लगच्या वायरी कोरड्या पुसून बघा, ओलाव्यावरून करंट भलत्याच वाटेने पळतो. रात्री अंधारात बोनेट उघडून इंजिन चालू ठेवलं तर वायरींवर निळ्या ठिणग्या चक्क दिसतात.

आणि आता पेट्रोल भरायला गेलं की ई-20 (20 टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल) मिळतं, त्यातल्या इथेनॉलला वाफ व्हायला पेट्रोलच्या दुपटीहून जास्त उष्णता लागते, आणि इंजेक्शनच्या गाड्या मिश्रण आपोआप जुळवून घेतात तसं कार्ब्युरेटरला जमत नाही. त्यामुळे थंडीत मी चोक पूर्वीपेक्षा जरा जास्त वेळ ओढलेला ठेवतो. ओला करायचा फडका मात्र बारा महिने सीटखाली असतो, कसाऱ्याला लागतोच.